फौजेच्या रेकॉर्डवरची सुशीला

आधीच सांगते, मी अंगणवाडीत नोकरी केलेली बाई आहे. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक लिंबू शोधायचे आणि मी थर्मामीटर... आणि बहुतेक वेळा तापच निघायचा. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याजवळ, सती नदीच्या अलीकडे. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे जंगल. माझे मिस्टर फौजेत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. मी त्यांची दुसरी बायको. पहिली सुशीला. लग्नानंतर लवकरच तिला बांधीत साप चावला. नदीला पूर, दवाखाना पलीकडे. हे तेव्हा सीमेवर. तार पोचली तोवर सगळं आटोपलं होतं, यांना तिचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

मग मी आले. लग्नात ताटातल्या तांदळांवर माझं नवं नाव लिहिलं — सुशीला. माहेरची मी कमल. लग्नात नाव बदलतातच, म्हणून मला काही वाटलं नाही. ते नाव कुणाचं होतं हे पुढे शेजारच्या पार्वताबाईनं सांगितलं. मी सासऱ्यांना विचारायला गेले तर ते शांतपणे म्हणाले, "फौजेत बायकोचं नाव लागलं हाय सुशीला. आता कोन साहेबाच्या मांगं लागन? तूच सुशीला हो, कागद बदलाचं कामच नाई."

झालं! एक कागद बदलायचा त्रास नको म्हणून त्यांनी बाई बदलून घेतली.

सवत जिवंत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. मेलेल्या सवतीचं काय करणार? ती म्हातारी होत नाही, तिची भाजी कधी खारट होत नाही. आमच्याकडे नवरे बायकोला नावानं हाक मारत नाहीत, पण हे पडले फौजी. फाटकातूनच "सुशीला" म्हणून ओरडायचे. आवाजात जरा जास्त गोडवा आला की माझ्या पोटात दुखायचं... ही हाक नेमकी कुणाला? वरून पितृपक्षात अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णींचा दिवस. त्या दिवशी तिच्या नावानं वडे मीच तळायचे, खीर मीच करायची, पार्वताबाईला सवाष्ण म्हणून जेवू घालून ओटीही मीच भरायची. कढईतल्या तेलापेक्षा मी जास्त तापलेली असायचे, खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हा माजी सैनिकांच्या ऑफिसात कागद काढले, तर माझं आधार आणि फौजेचं रेकॉर्ड काही जुळेना. नाव तेच, पण जन्मसाल वेगळं. तिथले बाबू भले माणूस होते. त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं की या लग्नाच्या तारखेला तुम्ही शाळकरी पोर होता, मग या सुशीला तुम्ही कशा? म्हणजे उद्या यांचं बरंवाईट झालं तर यांची बायको म्हणून मी कुठेच नव्हते.

माझे दीर म्हणाले, जन्मतारीख लिहिताना चूक झाली असं सांगा, तेवढीच दुरुस्ती करून घ्या, सुशीला तर सुशीला. सोपं होतं. पण मी अडून बसले. हे आहेत तोवर यांच्या रेकॉर्डवर माझं नाव लागलं पाहिजे. माझं. कमल. बाबू म्हणाले, तसंही होतं, दुसऱ्या लग्नाची नोंद करता येते, कमल नावाला शाळेचा दाखला चालेल, फक्त पहिली वारल्याचा दाखला आणा. तो तर कुणी काढलाच नव्हता. ग्रामसेवक म्हणाला, तिला जाताना पाहिलेलं कुणी माणूस आणा, जबाब घेतो. पण जुनी माणसं गेलेली, आणि पार्वताबाई त्या वेळी बाळंतपणाला माहेरी होती. म्हणजे जिचं श्राद्ध मी उभ्या आयुष्यात चुकवलं नाही, ती मेली हे आता मीच सिद्ध करायचं.

यंदा नवमीच्या दिवशी सकाळीच माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाही तळत वडे, जिवंत आहे ना ती कागदावर, मग तिनंच तळावेत! चुलीला हातसुद्धा लावला नाही. यांना दूध-मुरमुरे भरवले आणि ग्रामपंचायतीत भांडायला गेले. तिथे बाकावर एक म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, माझ्याहून थोडी मोठी असेल. ग्रामसेवक खुशीत म्हणाला, सापडला तुमचा साक्षीदार, या बाईंनी पाहिलंय सगळं.

तिनं नाव सांगितलं, गाव नदीपलीकडचं सांगितलं, आणि जबाब दिला. "पायाले चावला होता. पडवीत निजवलं तिले. नदी उतरते का म्हून सारे पाहून राह्यले होते. दिवस बुडाच्या आंदी जीव गेला. नवरा नोता जवळ." डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढउतार नाही. ग्रामसेवकानं लिहून अंगठा घेतला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं... हिनंही तिला पाहिलंय, आता ही तिच्या रूपाचं कौतुक सांगत बसेल.

तरी उपकार होतेच. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चला बाई, घरी जेवून जा."

ती माझ्याकडे बघून हसली. "काय जेवू? आज तं तू चूलच नाई पेटवली."

एवढं बोलून ती नदीच्या वाटेनं निघून गेली. चुलीचं मी कुणालाच बोलले नव्हते. पुढे दिरांनी त्या गावात चौकशी केली. त्या नावाची बाई तिथे कुणाला माहीत नव्हती.

दाखला मात्र झाला, कागद पुढे गेले, आणि फाल्गुनात फौजेचं पत्र आलं. पत्नी — कमल. मी पेढे आणले आणि यांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. यांनी ऐकून घेतलं, आणि मग अडखळत विचारलं, "अन्... सुशीला?"

मी म्हटलं, "ते तं कवाचीच गेली ना जी."

आणि हे रडायला लागले. तार आत्ताच हातात पडल्यासारखे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं यांनी हाक मारली आणि सुशीलानं ओ दिली, यांच्यासाठी ती कधी गेलीच नव्हती. मीच माझ्या तोंडानं तिला घरात सांभाळली होती. असा संताप आला! पेढ्यांचा डबा तसाच उचलून पार्वताबाईकडे देऊन आले, आणि यांना बजावलं, आता कमल म्हणा, तरच येईन.

काही दिवसांनी दुपारी मी दारातच बसून मोहफुलं निवडत होते. आतून हाक आली, "सुशीला." मी उठले नाही. पुन्हा आली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग हाक थांबली. थोड्या वेळानं मलाच राहवेना, म्हणून आत गेले. यांना कुशीवर वळवलेलं, पाठीशी उशी लावलेली, गेलेला उजवा हात नीट घडी करून पोटावर ठेवलेला. यांना एकट्यानं यातलं काहीही करता येत नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि एकुलत्या एका दारात मी बसलेली.

"कोनं केलं जी हे?" मी विचारलं.

हे माझ्याकडे नवलानं बघत म्हणाले, "आली होती ना... सुशीला." आणि अर्ध्या तोंडानं हसले. लकव्यानंतर इतकं समाधान मी यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, अशा आजारात भास होतात. बरं, भास यांना झाला... उशी कुणी लावली? वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

रेकॉर्डवर आता माझं नाव आहे, ते पत्र मी पेटीत जपून ठेवलं आहे. पण हे "सुशीला" म्हणाले की मी हातातलं टाकून धावत सुटते, अंगणातूनच ओरडते — ओ, आली, आली! माझ्याआधी दुसरं कुणी पोचू नये म्हणून.