तिसऱ्या मजल्यावरची फिनिश

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी, शारजात राहत होतो. नवरा दुबईत, मोबाईलच्या टॉवरसाठी यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. कंपनीचं मूळ ऑफिस फिनलंडमध्ये. एका संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये आंबून घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "तिकडे बदली होईल असं दिसतंय. समुद्राकाठचं गाव आहे. काही लोक फिनिश बोलतात, काही स्वीडिश. कंपनी तुला एक भाषा शिकवणार आहे. कुठली ते तू ठरव."

"तुम्हाला काय वाटतं?"

"स्वीडिश घे. इंग्लिशच्या जवळची आहे म्हणे. फिनिशमध्ये विभक्त्याच विभक्त्या."

"विभक्त्यांची भीती मला कशाला घालता?" मी म्हटलं. पण ठरत काही नव्हतं.

मी तेव्हा एका ब्लँकेटच्या घाऊक दुकानात काम करत होते. रशियन बायका विमानं भरून यायच्या आणि गठ्ठेच्या गठ्ठे न्यायच्या. 'स्कोल्को' म्हणजे किती, 'तवार' म्हणजे माल, एवढं रशियन त्यांच्याकडून माझ्या तोंडी बसलं होतं. त्यांचा माल पाठवणाऱ्या कार्गो ऑफिसमधली एक बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. ती रशियाची. चाळिशीची असेल, कमी बोलायची, मोडक्या इंग्लिशमध्ये. एकदा लिफ्टमध्ये मी तिला आमच्या बदलीचं सांगितलं, तर तिचा मजला आला तरी ती उतरली नाही.

"फिनिश माझ्या आजीची भाषा," ती म्हणाली. लेनिनग्राडच्या बाहेर फिनिश बोलणाऱ्यांची जुनी खेडी होती, त्यातलं तिचं घर. "आम्ही घरातच बोलायचो. खिडकी लावून."

मग शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे जाऊ लागले. ती वस्तू दाखवायची, फिनिश शब्द सांगायची, मग त्याचं रशियन मूळ. खिडकीला 'इक्कुना', रशियनमध्ये 'अक्नो'. चमच्याला 'लुसिक्का', रशियनमध्ये 'लोझ्का'. स्वीडिशमध्येही असे उसने शब्द आहेत म्हणाली, बाजाराला ते 'तोर्य' म्हणतात तो रशियाकडूनच आलेला. मालाला 'तावारा' म्हणाली तेव्हा मला हसू आलं. हा तर माझ्या दुकानातलाच शब्द.

ती हसली नाही. "मालगाडीला तावारायुना म्हणतात," ती म्हणाली. "आजीला सरकारने त्या गाडीत भरून सायबेरियाला नेलं. भाषा कुठली, असं विचारलं होतं. तिने खरं सांगितलं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तू स्वीडिश शीक," ती म्हणाली. "लेकराला घेऊन जाणार आहेस."

त्याच सुमाराला वॉचमनने मला जिन्यापाशी गाठलं. "मॅडम, एक आदमी तीसरे माले वाली को पूछता है. रोज आता है. गाडी में बैठा रहता है." गाडी मी पाहिली. पांढरी, काचा काळ्या, भर दुपारी इंजिन चालू.

पुढच्या शुक्रवारी तिने दार उघडायला फार वेळ लावला. पडदे ओढलेले होते. भाषेचा धडा झालाच नाही. तिच्या ऑफिसमधून ब्लँकेटच्या गठ्ठ्यांत दुसरं काहीतरी जात होतं. काय, ते तिने सांगितलं नाही. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मालकाला त्याबद्दल विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. मालक म्हणाला, गावाला गेला. "त्याचा चष्मा टेबलावरच आहे," ती म्हणाली. "चष्म्याशिवाय त्याला जिना उतरता येत नाही." तिचा पासपोर्ट मालकाकडे होता, त्यामुळे तिला देश सोडून जाताही येत नव्हतं.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठून दाराची कडी लावून आला. मग म्हणाला, "आपण परदेशात आहोत. नसती लफडी नकोत." आणि सकाळी त्यानेच रजा टाकली.

आम्ही तिला मागच्या सीटवर निजवून अबुधाबीला निघालो. दुबई ओलांडेपर्यंत आरशात एक पांढरी गाडी होती. तशा गाड्या त्या रस्त्यावर शेकड्याने असतात, असं नवरा पुन्हा पुन्हा म्हणत होता. नंतर ती गाडी दिसेनाशी झाली, तरी तो आरशातच बघत होता.

आधी ती फिनलंडच्या वकिलातीत गेली. मीही बरोबर होते. काचेपलीकडच्या मुलीशी ती आजीच्या फिनिशमध्ये बोलली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मुलीचा चेहरा मऊ झाला, जुन्या माणसांची भाषा ऐकल्यासारखा. पण उत्तर तिने इंग्लिशमध्ये दिलं. तुम्ही आमच्या नागरिक नाही, अर्ज रशियातून करावा लागेल, रांग मोठी आहे.

मग राहिली रशियाची वकिलात. तिथल्या फाटकापाशी तिचे पाय अडले. "ह्याच लोकांनी आजीला नेलं," ती म्हणाली. दुसरा रस्ता नव्हता. ती आत गेली. ऊन चढेपर्यंत आम्ही गाडीत बसून राहिलो. शेवटी ती फाटकाच्या आतूनच दिसली. हाताने जा म्हणाली. बाहेर आली नाही.

थोड्या दिवसांनी आमच्या दारावरची बेल वाजली. दार मुलीने उघडलं. "मम्मा, समवन फॉर यू."

तो माणूस नीट इस्त्री केलेल्या शर्टात होता. हिंदी गोड बोलत होता. "आपकी सहेली कहाँ गई?"

"मालूम नहीं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. माझ्या मुलीच्या युनिफॉर्मकडे पाहिलं. "स्कूल पास में ही है ना इसका?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टकडे गेला.

नवरा आल्याबरोबर मी म्हटलं, "कुठलीही भाषा चालेल. फिनिश, स्वीडिश, काहीही. पण लवकर जाऊ."

जाणं झालं नाही. टेलिफोनच्या धंद्याला उतरती कळा लागली होती, बदल्या थांबल्या. दोन्ही भाषा राहिल्या.

तिचा फोन एकदाच आला, नवऱ्याच्या मोबाईलवर. लांबचा, खरखरणारा. घरी पोचले म्हणाली. मग विचारलं, "तो तुमच्याकडे आला होता?"

"नाही," मी म्हटलं.

"घर बदला," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

नवऱ्याने अबुधाबीतलं काम मागून घेतलं. महिना संपायच्या आत आम्ही तिकडे गेलो. तो माणूस पुन्हा दिसला नाही. पण मुलगी कॉलेजात जाईपर्यंत तिला मी कधी स्कूलबसने पाठवलं नाही. रोज मीच सोडायची, मीच आणायची. ती चिडायची, "मम्मा, एव्हरीवन टेक्स द बस." मी तिला कारण सांगितलं नाही.