ताईची चाचणी आणि भावोजींचं रक्त

माझी थोरली बहीण डासांमुळे येणाऱ्या तापाची रक्तचाचणी तयार करते, असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस लगेच स्वतःच्या नाहीतर बायकोच्या तापाची हकीगत सुरू करतो. त्यामुळे ताई नेमकं काय करते हे शेवटपर्यंत ऐकून घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तुम्ही पान उलटायच्या आत सांगून टाकतो.

डास चावला आणि विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी झुंजायला रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. यथावकाश ताप उतरतो, माणूस उठतो, कामाला लागतो, सगळं विसरतो. रक्त विसरत नाही. ताई त्या रक्तालाच विचारते, "काय रे बाबा, भेटला होता का तो?" आणि रक्त रंगाने उत्तर देतं. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात करंगळीचं टोकही मावणार नाही असे खळगे, खळग्यांच्या तळाशी विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं. त्यात रक्तातलं पिवळसर पाणी सोडायचं, धुवायचं, आणखी एकदोन थेंब घालायचे आणि वाट बघायची. ओळख पटली की खळगा निळा होतो. ओळख जितकी घट्ट, तितका निळा गडद.

वाट बघण्यात ताईचं अर्धं आयुष्य गेलं आहे. प्लेट एका झुलत्या यंत्रावर हळूहळू डुलत असते, दुधी काचेतून दुपारचं ऊन झिरपून येतं, शीतकपाट गुणगुणत असतं आणि ताई हनुवटीखाली हात घेऊन पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी बसलेली असते. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो, तेव्हा मी आत आल्याचंही तिला कळलं नाही.

"काय बघतेस एवढं?"

"काही नाही रे. या प्रत्येक खळग्यात एकेक माणूस झोपलाय असं वाटतं. आत्ता कूस बदलेल."

"तू जागी आहेस का तेवढं सांग."

"डबा ठेव आणि फूट."

आता प्रश्न असा, की किती निळं म्हणजे आजारी? ते ठरवायला आधी निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्याचा रंग म्हणजे शून्य. त्याच्या वर गेला तो तापाचा रोगी. हे शून्य पुरवायचे आमचे भावोजी.

भावोजी विमा कंपनीत आहेत. लोकांच्या आयुष्यातले धोके मोजणं हा त्यांचा धंदा, आणि धंदा त्यांनी अंगात भिनवून घेतलेला. लांब बाह्यांचा सदरा, उन्हाळ्यातही मोजे, अंगाला डास पळवणाऱ्या मलमाचा वास. डासांच्या मनात यायच्या आत घराच्या खिडक्या बंद. मच्छरदाणीत ते असे झोपतात की ढगावर एखादा स्थूल देव विसावला आहे असं वाटावं. काम सुरू झालं तेव्हा ताईला चटकन निरोगी रक्त हवं होतं, म्हणून भावोजींनी आयुष्यात प्रथमच एक बाही वर केली. त्यांचा खळगा पाण्यासारखा नितळ राहिला. "इतकं स्वच्छ रक्त मी पाहिलं नाही," ताई म्हणाली. लग्नानंतर बायकोने केलेली ही पहिलीच स्तुती, त्यामुळे पुढे ते न बोलावता रक्त द्यायला जाऊ लागले. प्रयोगशाळेत त्यांना शून्यसाहेब म्हणत. त्यांना ती पदवी वाटायची.

आणि मग चाचणी बिघडली. प्रयोगशाळेतले सहकारी, दारावरचे पहारेकरी, ठणठणीत हिंडणारी माणसं, ज्याचं रक्त घालावं तो निळा! तपासून तपासून ताईच्या नाकी नऊ आले. शेवटी विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला बोलावून घेतलं.

"तुझ्या चाचणीने सगळं शहर अंथरुणावर पाडलंय. मीसुद्धा तापले आहे म्हणे."

"बाई, चूक कुठे आहे ते शोधते आहे."

"शोध. पण सोमवारच्या बैठकीत हे काम बंद करायचं ठरतंय. तोवर काही सापडलं तर आण."

इतक्या वर्षांचं काम, आणि हातात एक शनिवार-रविवार. शनिवारी संध्याकाळी ती घराच्या गच्चीवर चहाचा कप धरून बसली होती. मी अंगावर चापट्या मारत होतो. शेजारच्या गच्चीवरही चापट्याच वाजत होत्या. भावोजी तेवढे निवांत.

"भावोजी, जन्मात एक तरी डास चावलाय का हो तुम्हाला?"

"एकही नाही, मेहुणे. धोका आधी ओळखायचा असतो."

"लहानपणी?"

"आईने घराबाहेर सोडलं असतं तर ना!"

ताईचा कप ओठांपाशी थांबला. रोज पाहिलेला नवरा ती प्रथमच पाहत असल्यासारखी पाहू लागली. मग तिची नजर त्याच्यावरून सरकून समोरच्या घरांवर गेली. एकेका खिडकीत दिवा लागत होता. प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी जेवत, भांडत, केस विंचरत होतं, आणि त्या प्रत्येकाच्या आत लहानपणीचा एखादा विसरलेला ताप मंद निळा होऊन पडून होता. आईचा हात कपाळावर असलेली एखादी दुपार. रक्ताने जपून ठेवलेली.

"आपण सगळे निळेच आहोत," ती म्हणाली.

"भावोजी, ताई गेली कामातून."

"अरे, चाचणी बरोबर आहे! या शहरात निरोगी माणूस म्हणजे कधीतरी ताप येऊन गेलेला माणूस. डास न चावलेला असा एकच, आणि तो मी घरात पाळलाय! त्याच्यावरून मी शहराचं माप काढत बसले."

"म्हणजे माझं रक्त..." भावोजींनी विचारलं.

"या कामाला निरुपयोगी आहे, अहो."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

पण खरी धाकधूक पुढेच होती. शून्याची रेघ वर सरकवली आणि रुग्णालयातून आलेले खरे रोगीही त्या रेघेखालीच राहिले तर? जुनी ओळख आणि ताजा ताप यांचा निळा सारखाच निघाला तर चाचणीला अर्थ नाही. रविवारी ताईने आळीतली धडधाकट माणसं गोळा केली. मलाही ओढलं. "सुई बारीक आहे," असं सांगून तिने माझ्या दंडात जे खुपसलं त्याला मी सुई म्हणणार नाही.

प्रयोगशाळेत प्लेट डुलू लागली, एका ओळीत आमचं रक्त, दुसरीत रोग्यांचं. ताई समोर बसली, मी तिच्या मागे. भावोजी दाराशी, पदावरून काढलेल्या मंत्र्यासारखे. ऊन काचेवरून सरकत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग पहाटेच्या आभाळासारखा फिकट निळा आमच्या ओळीत उमलू लागला. मी त्यात माझा खळगा शोधत होतो. तेवढ्यात रोग्यांची ओळ गडद झाली, आमच्यापेक्षा कितीतरी गडद. मी टाळी वाजवली.

"थांब," ताई म्हणाली.

रोग्यांच्या ओळीतले दोन खळगे आमच्याहूनही फिके होते. तिने नोंदी पाहिल्या. ते दोघं या शहरात नुकतेच आलेले, आणि रक्त ताप चढल्याच्या पहिल्याच दिवशी घेतलेलं. शरीराला प्रतिपिंडं करायला वेळच मिळाला नव्हता.

सोमवारी मोठ्या बाईंनी आकडे दोनदा वाचले. ताईने त्या दोघांची गोष्ट स्वतःहून सांगितली.

"तापाच्या पहिल्या काही दिवसांत ही चाचणी चालत नाही, असं ठळक अक्षरांत छाप," बाई म्हणाल्या. "बाकी पुढे चालू दे. रुग्णालयात पाठवू."

ताईचा फोन आला तेव्हा भावोजी आणि मी एकत्रच होतो. भावोजी फोनवर ओरडले, "मंजूर? मग लवकर ये, आपण बाहेर जेवायला जाऊ."

"उशीर होईल मला."

"आता कसला उशीर? झालं ना सगळं?"

"ते दोघं राहिलेत ना अजून," ताई म्हणाली, आणि मागे यंत्र डुलायला लागल्याचा आवाज आला.