परातीतला कार्बोरेटर

स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात रिकाम्या पिशव्या कोण ठेवतं ते कधी कळत नाही, पण कप्पा उघडला की सगळ्या अंगावर येतात. आमच्याकडे गाडीच्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगायला घेतला की बाकीचे आपोआप बाहेर पडतात!

गाडी म्हणजे यांची जुनी क्रूझर मोटरसायकल. बुटकी सीट, उंच हँडल. तिच्यावर बसलेला माणूस आरामखुर्चीत पेपर वाचतोय असं वाटतं. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, त्याच्याही आधीपासून ती या घरात आहे. एका रविवारी यांचे मित्र, कोपरचे भोईर भावजी, तिचा आवाज ऐकून म्हणाले, "हिला धाप लागतेय रे. मोठा कार्बोरेटर आणि मोकळा एक्झॉस्ट टाकू. मग बघ!"

मी यांना विचारलं, "म्हणजे नक्की काय होणार?"

"अगं, हवा आणि पेट्रोल आत जाणार, धूर बाहेर येणार."

"आणि आत्ता काय होतं?"

हे भावजींकडे बघत म्हणाले, "आत्ताही तेच होतं."

सासूबाईंच्या मनात मात्र काही गोंधळ नव्हता. "दसऱ्यापर्यंत नीट चालली तर ठेव. नाहीतर विकून टाक. दर रविवारी मुलाचे नुसते पाय दिसतात गाडीखालून. मला नाही बघवत!"

हे सगळ्यांदेखत "हो" म्हणून बसले. आणि त्या रात्री जेवले नाहीत.

* * *

कार्बोरेटर आला तो थेट माझ्या कणकेच्या परातीत. त्यात जेट नावाचा पितळेचा एक भाग असतो, मिरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. मधे बारीक भोक. पेट्रोल किती जायचं ते त्या भोकावर ठरतं म्हणे. तोच हरवला! सोफा सरकवला, पायपुसणी झटकली, मी तर डाळीचा डबासुद्धा चाळला.

दुसऱ्या दिवशी सापडला. देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेला!

"देवाच्या घंटेचं काहीतरी पडलं असं वाटलं मला," सासूबाई म्हणाल्या.

भोईर भावजी खूश. "आता देवाचा हात लागलाय वहिनी. गाडी बंद पडूच शकत नाय!"

कोपरच्या पुलावर पडली.

* * *

नवीन एक्झॉस्टचा आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका वर आले. "अहो, माझं बीपी वाढतं!" यांना वाईट वाटलं. यांनी जुना सायलेन्सर परत बसवला.

दोन दिवसांनी काका पुन्हा दारात. "आवाज का बंद केला? सकाळी तुम्ही निघालात की मी बीपीची गोळी घेतो. दोन दिवस राहून गेली!"

त्यांना गोळी आवाजामुळे लागते की आवाजावर लागते, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर जमलं की स्पार्क प्लगचा रंग बिस्किटासारखा होतो, असं भोईर भावजींचं म्हणणं. पण कुठलं बिस्कीट, यावर दोघांत वाद! शेवटी प्लग घेऊन स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, तुम्ही सांगा. हा रंग कसला?"

मी बघितलं. "बेसन करपलंय."

"म्हणजे रिच! पेट्रोल जास्त होतंय." खाली जाऊन जेट बदलला. पुन्हा वर. या वेळी प्लग पांढराफटक.

"हे कच्चंच राहिलं."

"म्हणजे लीन! पेट्रोल कमी पडतंय."

असं चार रविवार चाललं. पाचव्या रविवारी मी खरोखरच बेसनाचे लाडू केले. यांनी एक हातात घेतला, उजेडात धरला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "जरासा लीन वाटतोय."

* * *

पुढे फुल थ्रॉटलवर ट्रायल हवी होती, म्हणून दोघं पहाटेच घोडबंदर रोडला गेले. तिथे ट्रॅफिक जाम. परत आले ते दुपारी, घामाघूम.

"कशी पळाली?" सासूबाईंनी विचारलं.

भोईर भावजी म्हणाले, "पळायला जागा मिळाली तर सांगू ना, काकू! सगळी ट्रायल पहिल्या गिअरमध्ये!"

मात्र जाममध्ये शेजारच्या कारमधल्या एका तरुणाने काच खाली करून विचारलेलं, "काका, गाडी विकणार?" आणि यांना आपला नंबर दिलेला. सासूबाईंनी तेवढं बरोबर लक्षात ठेवलं.

* * *

दसरा उजाडला तेव्हा गाडी पुन्हा खोललेली: चाकं खाली, टाकी सोफ्यावर, कार्बोरेटर परातीत. भोईर भावजी झेंडूचा हार घेऊन आले.

"घालायचा कुठे?"

मी आपलं प्रत्येक भागाला एकेक बोट हळदकुंकू लावत सुटले.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "प्राणप्रतिष्ठा झाली नाही, आणि पूजा कसली करताय?"

संध्याकाळी यांनी त्या तरुणाला फोन केला.

* * *

रविवारी तो आला. आदल्या दिवशी तेच भाग, तेच जेट घालून भोईर भावजींनी गाडी कशीबशी जोडलेली. तरुणाने बटण दाबलं आणि गाडी एका झटक्यात चालू! धूर नाही, खोकला नाही. यांचा चेहरा पडला.

"अरे, पेट्रोल फार पिते ही," हे म्हणाले.

"चालेल, काका."

"मधेच बंद पडते."

"करून घेईन. एक राउंड मारू?"

"अनोळखी माणसाच्या हातात गाडी कोण देतं?" सासूबाई जिन्यातून उतरत म्हणाल्या. "मी बसते मागे."

"आई, मी बसतो!"

"तू बसलास तर गाडी परत येणार नाही." त्यांनी अंबाड्यावर यांचं हेल्मेट घातलं, पदर खोचला आणि एका बाजूने बसल्या. गाडी कोपऱ्यावरून वळली. हे आणि भोईर भावजी फाटकाशी उभे. मी गॅलरीत.

अर्ध्या तासाने आले. सासूबाईंच्या हातात मेथीची जुडी, आणि तरुणाच्या मांडीवर लाल भोपळा!

त्याने भोपळा उतरवला. किल्ली यांच्या हातात ठेवली. "काका, गाडी एक नंबर आहे. पण मला नको." सासूबाईंच्या पाया पडला आणि रिक्षा करून निघून गेला.

"आई, काय बोललीस तू त्याला?"

"मी कशाला काय बोलू?" त्यांनी हेल्मेट काढलं, जुडी माझ्या हातात दिली. "निवडायला घे गं." मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तिसऱ्या गिअरला जरा अडखळते रे. बघून घे."