नकार ऐकून धावलेलं तट्टू

मंडळी, साक्रीच्या जत्रेतून आत्ताच परतलो.

तट्टूंच्या शर्यतीत आपले कापडवाले नाना उतरले होते. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, खाली एवढंसं तट्टू; पाय जमिनीला घासू नयेत म्हणून गुडघे पोटाशी घेतलेले. त्यात लाकडाच्या ठेकेदाराशी पैज: हरेल त्याने आपलं तट्टू जिंकणाऱ्याला सोडायचं. नानांची दारोदार कापड विकायची सगळी फेरी त्याच तट्टूच्या पाठीवर चालते.

नाना पुढे होते. बाजारगल्ली लागली आणि तट्टू सखूअक्काच्या दारात थांबलं. टेरिलिनचं गाठोडं घेऊन ते रोज तिथंच थांबतं ना! नानांनी टाचा मारल्या, हात जोडले. तट्टू ढिम्म. मागून ठेकेदाराच्या टापा जवळ आल्या.

अक्का दारातून ओरडली, "आज काहीच लेनं नही, नाना! पुढे जाय!"

रोजचा नकार ऐकताच तट्टू सुटलं, आणि पुढच्या दारी पुन्हा थांबलं. मग बठ्ठी, म्हणजे अख्खी गल्लीच बोंबलली, "काहीच लेनं नही!"

नाना मानभर अंतराने जिंकले.

गिऱ्हाइकांच्या नकाराने तरलेला व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला. पण मंडळी, उद्या तेच तट्टू गाठोडं घेऊन तुमच्या दारी थांबेल. तेव्हा काय ओरडाल?