दाजींची समुद्रापलीकडची माणसं

आमच्या दाजींइतकी लांबची सोयरीक उभ्या मराठवाड्यात कुणी जुळवली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भोकरदनला भूगोलाचे मास्तर; मी शिकायला त्यांच्याकडेच राहायचो. सत्तर सालच्या सुमारास कधीतरी त्यांनी जालन्याच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सॅलिश आदिवासी लोक आमच्या घरात मुक्कामाला आले. ज्वारीचा भाव विचारा, दाजी सॅलिशांच्या माशांवर घसरायचे. ते लोक कुत्र्याच्या लोकरीची घोंगडी विणायचे हे वाचून त्यांनी आमच्या मोत्याला भादरलं. लोकर मूठभर निघाली आणि मोत्या लाजेनं कडब्याआडून बाहेर येईना. शिरगणतीच्या माणसानं "घरात किती जण?" म्हणून विचारलं, तर दाजींनी सॅलिश आधी किती होते आणि गोऱ्यांबरोबर देवीची साथ आल्यावर किती उरले, हेच लावलं. बिचारा चहा पिऊन न लिहिताच निघाला. त्याला परत बोलवायला ताई धावली. "अवो, आधी आपली मानसं मोजा, मंग त्यांची!" ती दाजींवर करवादली.

पुढं शेजारच्या खेड्यात देवीचा रोगी निघाला आणि लस टोचणारे आमच्या गल्लीत आले. टोचलं की देवी कोपते, अशी शेजारच्या आजीची पक्की समजूत. तिनं नातीला घेऊन आतून कडी लावली. दाजींच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. ते ओट्यावर बसले आणि बंद दाराला सॅलिशांचा इतिहास सांगू लागले. आम्ही तोंड दाबून हसत होतो.

"आजी, घरंच्या घरं रिकामी झाली. माती द्यायला मानूस उरलं न्हाई. माझा धाकटा भाऊ बी असाच गेल्ता."

या भावाबद्दल दाजी कधीच बोलले नव्हते. आमचं हसू विरलं.

आतून आवाज आला, "मंग मास्तर, त्यातलं कोनी वाचलं का न्हाई?"

"वाचले ना! अजून हायेत."

कडी निघाली. आजीनं आधी स्वतःचा दंड पुढं केला, मग नातीचा.

तेव्हापासून आजी सोयऱ्यांची करावी तशी चौकशी करायची, "मास्तर, तुमची ती मानसं बरी हायेत ना?" दाजी म्हणायचे, "वाढून राह्यलेत, आजी, बिलकुल!" पुस्तक जुनंपुराणं, दाजींना ताजी खबर कुठली?

आता दाजी नाहीत, आजीही नाही. परवा भोकरदनच्या स्टँडवर ती नात भेटली, कडेवर गुटगुटीत लेकरू. तिच्या दंडावर लशीचा गोल वण होता.

"मामा, मास्तरची ती मानसं कशी हायेत?"

मला सॅलिशांचं काडीचंही ठाऊक नाही. दाजींची फार आठवण आली. मी म्हणालो, "वाढून राह्यलेत, बाई, बिलकुल!"