बार्लीची एकादशी

इडलीचं पीठ फुगलं की वरचं झाकण आपोआप उचललं जातं ना, तसं आमच्या घरात कंपनीच्या किश्श्यांचं आहे. किती दाबून ठेवा, दोन पाहुणे आले की झाकण वर! एकात दुसरा निघतो आणि कॉफी गार होते. म्हणून आज लिहूनच काढते.

आमचे हे ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या बिअर कंपनीत केमिस्ट होते. आणि आम्ही तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी माणसं. घरात सोवळं, शुक्रवारचा दिवा, बारा महिने व्रतं. स्थळ आलं तेव्हा माझ्या आईने भीत भीत विचारलं, "मुलगा पितो का हो?"

सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "छे! आमचा शंकर चाखतो आणि थुंकतो. पगार त्याचाच मिळतो."

आईने लगेच साखर वाटली.

*

यांची एकादशी कडक. धान्याचा कण चालायचा नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मॅनेजर नटेशन सारांनी चव बघायला ग्लास पुढे केला, तर हे मागे सरकले.

"सार, आज एकादशी. बार्ली धान्य आहे."

"अय्यो! ही बिअर आहे!"

"बिअरला माझी हरकत नाही सार. बार्लीला आहे."

नटेशन सार देवभोळे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पंचांग टांगलं. एकादशी वगळून बॅच लावायची, असं ठरूनच गेलं. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "हे पंचांग इथे कशाला?"

"आमचं प्रॉडक्शन शेड्यूल आहे," सार म्हणाले.

*

पंचांगावर चालणारी ती कंपनी काय वाढली! चैत्राच्या उन्हात गेटबाहेर लॉऱ्यांची रांग लागायची. लेबलवर आमच्या तंजावरची मान डोलवणारी बाहुली होती. ती कल्पना सासऱ्यांची. त्यांनी जन्मात थेंब शिवला नाही, पण नटेशन सारांना म्हणाले, "डोलते, पण पडत नाही. यापेक्षा मोठी जाहिरात काय हवी?"

*

मग देशाचे दरवाजे उघडले. परदेशी नावांच्या बाटल्या आल्या, आमची बाहुली दुकानांच्या मागच्या फळीवर गेली. पुढे एका मोठ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली. नटेशन सार घरी बसले, पंचांग उतरलं, आणि बाहुली जाऊन लेबलवर गरुड आला.

सासूबाई लेबल निरखून म्हणाल्या, "गरुड म्हणजे विष्णूचं वाहन की. आता तरी सगळे एकादशी पाळतील!"

कसली पाळतात! यांच्या हातात पत्र आलं: संक्रांतीच्या पोंगलपर्यंत काम, मग नाही.

मी त्याच संध्याकाळी दही सोडलं. तंजावरात शेवटचा दहीभात नसला तर जेवण झालंसं वाटत नाही. देवाला सांगितलं, यांचं काम राहू दे, त्याच दिवशी दही वाढून घेईन.

"अगं, बिअर कंपनीसाठी नवस?" सासूबाई हसल्या. "देव विचारात पडला असेल!"

*

नव्या साहेबाने पहिला हुकूम काढला, तो जुनं यीस्ट गटारात ओतायचा. आता परदेशातून येणार म्हणे. यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण. एका बॅचमधलं थोडं राखून पुढच्या बॅचला लावायचं, असं ते वीस वर्षं चालत आलेलं. यांना ओतवेना. काचेच्या बरणीत घालून घरी आणलं आणि फ्रिजमध्ये विरजणाच्या वाटीशेजारी ठेवलं.

दर दोन दिवसांनी हे त्याला बार्लीचं गोड पाणी घालायचे. एकादशीला मात्र नाही.

"त्यालाही उपवास?" मी विचारलं.

"आपल्या घरात राहतं ना!"

*

कंपनी पुढे बंद पडलीच. हे आता पापनाशमच्या शाळेत रसायन शिकवतात, आणि मुलं यांच्यावर खूष आहेत. पण मधे चार वर्षं मिळाली. ती कशी मिळाली, तो किस्सा आमच्या घरात सगळ्यात जास्त मागितला जातो.

परदेशी यीस्टला आमच्याकडची हवा आणि वीज जाणं मानवेना. बॅचमागून बॅच आंबट. एका सकाळी नवा साहेब स्वतः आमच्या दारात उभा! चपला काढून आत आला, सासूबाईंनी आधी इडल्या वाढल्या. आठ खाल्ल्या त्याने. "अम्मा, इतकी हलकी इडली मी कधी खाल्ली नाही!"

हात धुऊन हळूच यांना म्हणाला, "सार, ते जुनं यीस्ट... थोडं राखलंत का?"

हे फ्रिजकडे धावले. बरणी घासून पालथी घातलेली!

"या कार्तिकातल्या गारव्यात काल पीठ फुगत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "शंकरच्या बरणीतलं विरजण घातलं सगळं." मग साहेबाकडे वळून, "आणि तंबी, बाळा, तूच आठ खाल्ल्यास की!"

साहेब खालीच बसला. हे मात्र स्वयंपाकघरात गेले, उरलेल्या पिठाचं पातेलं उचललं आणि साहेबाच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले. काचेच्या ताटल्यांवर त्या पिठातून आपलं यीस्ट निवडून काढायला यांना आठवडा लागला. मग बॅच लावली.

चव बघायचा दिवस आला, तो नेमका वैकुंठ एकादशीचा! साहेब घड्याळ बघत होता. हे म्हणाले, "उद्या." आणि आश्चर्य म्हणजे, सगळी कंपनी उद्यापर्यंत थांबली.

द्वादशीला तुळशीचं तीर्थ घेऊन हे गेले. दुपारी परत आले, पाय धुतले, पाटावर बसले.

"साहेबाने पत्र फाडलं," म्हणाले. मग खाली बघत, "आज थुंकलो नाही."

मी दह्याचं भांडं पुढे ओढलं आणि आधी माझ्या पानात वाढलं.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "माझ्या पिठातलं मीठ बिअरला बरोबर होतं की?"