भारीकाकूंचं वाण

भांडं हातात आलं की काकू आधी ते उलटं करून बुडाखालचं नाव वाचायच्या, मग तळहातावर तोलायच्या आणि शेवटी बोटाच्या पेराने टणकन वाजवायच्या. "पत्रा आहे नुसता! हलकं आपल्याकडे चालत नाही." राखोली रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना भारीकाकू म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

काकू अमळनेरच्या. काका धाग्याच्या कंपनीत मशीनवर. ओव्हरटाइमचे दिवस होते. दिवाळीला नवा टीव्ही, उन्हाळ्यात एसी, रविवारी वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला सगळं घर. मी सरकारी शाळेतली मास्तरीण, कोकणातून आलेली, हात आखडून जगणारी. मला म्हणायच्या, "मॅडम, कमावता कशाला मग? तो सिंहबी तुमच्यापेक्षा मजेत राहून राहिला!" सिंहाला पेन्शनची काळजी नसते, एवढं मी मनातल्या मनात म्हणायची.

संक्रांतीला त्यांचं वाण म्हणजे स्टीलचा जाड डबा, बुडाखाली त्यांचं नाव कोरलेलं. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या मंगलने आपल्या घरच्या हळदीकुंकवाला गडबडीत त्यांच्याच हातात एक डबा ठेवला. काकूंनी सवयीने उलटा केला. नाव त्यांचंच! "माझंच वाण मला? इतकी कशी गं हलकी तू!" भरल्या घरात बोलल्या, डबा तिथेच आपटला आणि तरातरा निघून गेल्या. मंगलच्या नवऱ्याचं काम सुटलंय, हे मला माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते. मंगलने त्यानंतर हळदीकुंकू करणं सोडलं आणि कुणाकडे जाणंही.

तीन वर्षांनी मंदी काकूंच्या दारात आली. आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्यातले तीन दिवस काका घरी दिसू लागले. शाम्पूची बाटली जाऊन पुड्या आल्या, एसीवर जुनी चादर पडली, वासोण्याऐवजी दमणगंगेच्या काठावर घरचे पोहे. "नदीवर हवा चांगली असते हो," काकू म्हणायच्या. मी हो म्हणायची.

भोगीच्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. पलंगावर माळ्यावरून काढलेली वीस-पंचवीस भांडी मांडलेली. वर्षानुवर्षं मिळालेली, कधी न वापरलेली वाणं. काकू घासपेपरने एका वाटीचं बूड घासत होत्या. "मॅडम, कोरलेलं नाव कशाने जातं हो?" मीही घासून पाहिलं. बूड ओरखड्यांनी पांढरं झालं, नाव जागच्या जागी.

काकूंचा हात एकदम थांबला. "मंगलच्या डब्यावरबी असेच ओरखडे होते. मी बघितले होते ना, मॅडम!"

वाटी तशीच हातात घेऊन त्या जिना चढल्या. मी मागोमाग. मंगलने दार उघडलं. काकू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "मंगल, तेव्हा मी फार वाईट बोलले. उद्या माझ्याकडे हळदीकुंकू आहे. वाण जुनंच आहे, नाव दुसरीचं आहे. तू आली नाहीस तर मी करणारच नाही."

मंगलने वाटीच्या बुडावरचे ओरखडे पाहिले. मग म्हणाली, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी बायका एकमेकींची नावं मोठ्याने वाचून पोट धरून हसत होत्या. दोघीतिघींना तर आपलीच वाणं परत मिळाली. यंदा करायचंच नाही असं ठरवून बसलेल्यांनीही मग आपापले माळे उपसले.

उन्हाळ्यात कंपनीने काकांना कायमचं घरी बसवलं. बिऱ्हाड अमळनेरला निघालं. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. टीव्ही आणि एसी आधीच विकले होते. काकू चढणार तोच मंगल जिन्यावरून धावत आली आणि तिने डबा पुढे केला. "वाटेत खायला, काकू. भाकरी आहे, ठेचा आहे, शेंगदाण्याचे लाडू आहेत."

काकूंनी डबा डोळ्यांच्या वर उचलून बूड पाहिलं. ओरखडे होते आणि ओरखड्यांमधून त्यांचंच नाव.

"माझंच वाण मला," काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"तोलून तरी बघा," मंगल म्हणाली.

काकूंनी तोलला नाही की वाजवला नाही. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि तशाच टेम्पोत जाऊन बसल्या.